एका लगडीचे दोन तुकडे

"घरी गेल्यावर निगेटिव्ह आलं, एवढंच सांगा," मुजावर मॅडम म्हणाल्या. "डॉक्टर पुढचं जे बोलले ते इथंच ठेवा. या खोलीत."

मी अन्वीच्या तोंडातून तिच्याच चपलेचा पट्टा ओढून काढत होते. "का मॅडम? चांगलीच गोष्ट आहे की."

"चांगली आहे म्हणूनच सांगते. वाईट बातमी लोक दडवतात. चांगली लगेच कामाला लावतात."

"आमच्या घरात कुणाला कळणार आहे पेशीबिशीतलं," मी म्हणाले आणि हसले. त्या हसल्या नाहीत. अन्वीच्या हातात त्यांनी गोळ्यांची एक रिकामी डबी दिली आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातली ती समुपदेशनाची खोली मला पाठ झाली होती. वर्षभरापूर्वी माझ्या नवऱ्याचा, धनाजीचा, खोकला हटेना म्हणून सगळ्या तपासण्या केल्या आणि त्यात एचआयव्ही निघाला. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. माझं आणि अन्वीचं रक्त तेव्हापासून पुन्हा पुन्हा तपासत होते. दर वेळी निगेटिव्ह. दर वेळी मी रिपोर्ट उजेडात धरून आमची नावं नीट बघायची, कुणाचा दुसऱ्याचा तर नाही ना. सकाळी अन्वी उठली की आणि रात्री झोपण्याआधी तिची मान चाचपायची, गाठ आहे का. मग जीभ बघायची, पांढरी आहे का. तिला शिंक आली तरी मला घाम फुटायचा. लेकराला दोनदा तपासलंय, ती ठणठणीत आहे, असं मॅडम सांगायच्या. मला ते दवाखान्याच्या फाटकापर्यंत पुरायचं.

त्या दिवशी पुण्याहून एक तरुण डॉक्टर आले होते. जोडीदाराला एचआयव्ही असून ज्यांना लागण झाली नाही, अशांचं रक्त ते जमवत होते. "लग्नानंतरची पहिली काही वर्षं तुम्हा दोघांनाही माहीत नव्हतं," ते म्हणाले. "म्हणजे काही काळजी घेतलेली नाही. मूल झालं. तरी तुम्हाला नाही. आम्हाला बघायचंय, का नाही."

मग त्यांनी टेबलावर बोटानं गोल काढला. विषाणूला पेशीत शिरायला एक दार लागतं. जगात थोडी माणसं अशी असतात की त्यांच्या पेशीला ते दार जन्मतःच नसतं. आई आणि वडील, दोघांकडून तसा जनुक यावा लागतो. "आपल्याकडं असं जवळजवळ सापडत नाही, तेव्हा आशा धरू नका. दुसरीही कारणं असतात. काही ठाऊक आहेत, बरीच नाहीत. आणि कधी कधी निव्वळ योगायोग असतो."

मी बी.एस्सी. झालेली. वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या रोपांचे चौकोन मी वहीभर मांडले होते. डॉक्टरांचं बोलणं मला नीट समजलं. फक्त 'आशा धरू नका' तेवढं कानावरून गेलं.

आमचं करंजवाडी सांगली जिल्ह्यातल्या कोरड्या बाजूला. इथली माणसं शेतीपेक्षा गलाईवर जगतात. देशातल्या कुठल्याही शहरात जा, सराफांच्या गल्लीत मागच्या बाजूला भट्टी पेटवून जुने दागिने आटवणारा, सोनं शुद्ध करून देणारा माणूस बहुतेक आमच्याकडचा निघतो. सासऱ्यांनी तरुणपणी सेलमला दुकान टाकलं. त्यांना मी मामा म्हणायची, सासूबाईंना आत्या. धनाजी आणि धाकटे सोमनाथभाऊजी त्या दुकानाच्या माडीवरच वाढले. धनाजीचं निघालं तेव्हा मामांनी भाऊजींनाही दवाखान्यात नेलं. त्यांचंही तेच निघालं. तिकडं कोण कुठं जात होतं, हे घरात कुणी विचारलं नाही. भाऊजींच्या रक्तातल्या पेशींचा आकडा चांगला होता म्हणून त्यांच्या गोळ्या सुरू केल्या नव्हत्या. तेव्हा तसा नियम होता. आता लगेच सुरू करतात.

गावाला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या आईवडिलांना धनाजीचा टीबी तेवढा माहीत होता. धनाजीनं अन्वीच्या डोक्यावर माझा हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. "तुझ्या आप्पांना कळलं तर ते तुला न्यायला येतील," तो म्हणाला होता. "मग मी गोळ्या कुणासाठी खायच्या?" शपथेवर माझा विश्वास नव्हता. पण हात अन्वीच्या टाळूवर होता, आणि टाळू अजून मऊ होती.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. मी भाकरी थापत होते आणि मला राहवेना. परातीतल्या पिठावर मी बोटानं गोल काढला. "ही पेशी. हे दार. विषाणू इथनं आत जातो. आणि माझ्या पेशीला कदाचित हे दारच नाही." मी बोटानं दार पुसून टाकलं.

धनाजी कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. "म्हणजे माझी बायको बिनदाराची कोठी आहे म्हण."

"कोठीला वरनं तरी तोंड असतं," सोमनाथभाऊजी म्हणाले.

"तुझ्या वहिनीचं तोंड काय कमी हाय व्हय?" आत्या म्हणाल्या, आणि उठून माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "मी म्हणलंच हुतं. पोरगी आली तवाच म्हणलं, ही काटक हाय."

मामा जेवताना बोलत नसत. त्या दिवशी ते थांबले. "हे तुला कुठनं आलं?"

"आईवडिलांकडनं, मामा. दोघांकडनं यावं लागतं."

"म्हणजे बीजातच हाय."

"असेल तर बीजातच."

त्यांनी मान हलवली आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.

काही आठवडे गेले. एका दुपारी पल्लवीचा, माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती.

"ताई, आता तुला ताई म्हणू का जाऊबाई?"

"काय बरळतेस?"

"म्हणजे तुला माहीतच नाही? तुझे सासरे काल आले होते आप्पांकडं. सोमनाथरावांसाठी. काही घेणार नाही म्हणाले, नारळ आणि मुलगी द्या. आई तर देवापुढंच जाऊन बसली." ती हसत होती. "मुलगा तसा बरा आहे गं. कान जरा मोठे आहेत. पण तुझ्या लग्नात ट्रॅक्टरवर बसून शिट्टी वाजवत होता बघ, ती मला अजून आठवते. आणि तुझ्याजवळ राहायचं. अन्वीला मीच झोपवणार हं."

"तू काय म्हणालीस?"

"मी कशाला काय म्हणू? लाजले. लाजायचंच असतं ना तेव्हा?"

मी फोन ठेवला तेव्हा अन्वी जमिनीवरचं काहीतरी उचलून खात होती. मी तिच्या तोंडात बोट घातलं. शेंगदाण्याचं टरफल होतं.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मामांची छोटी भट्टी होती. गावातल्या बायका मोडायचे दागिने घेऊन त्यांच्याकडं यायच्या. मी गेले तेव्हा ते सांडशीत मूस धरून बसले होते. आत सोनं पातळ झालं होतं.

"मामा, पल्लवीला का मागितलंत?"

"तुझी भन म्हणून." त्यांनी मूस कलती केली. सोनं साच्यात उतरलं, त्याची बोटाएवढी लगड झाली. "बस. हे बघ. ही लगड. आता हिचा टंच काढायचा, म्हणजे शंभरात किती चोख ते बघायचं. तर मी काय करणार? आख्खी लगड तेजाबात घालणार? न्हाई. कोपऱ्याचा एक कण तोडणार. कणाचा टंच निघाला की लगडीचा निघाला. सेलमला आख्खा बाजार त्या एका कणावर चालतो. आजवर माझा टंच खोटा निघाला न्हाई."

"माणसं म्हणजे लगड नव्हे."

"तूच म्हणालीस, बीजात हाय. तुझा टंच चार वर्षं निघालाय, डॉक्टरनं सांगितलंय. ती त्याच लगडीची. मी काय आंधळेपणानं करतोय? दुसऱ्याच्या लेकीला धोका नको म्हणूनच तुझी भन मागितली."

ते मनापासून बोलत होते. हेच भयंकर होतं. मी चौकोन आठवायला लागले. आईत अर्धं, वडिलांत अर्धं असेल, तर दोन्हीकडचं एकत्र यायची शक्यता चारांत एक. सख्ख्या बहिणीलाही चारांत एकच. मी ते बोलून दाखवलं. मामा म्हणाले, "चारात एक तरी हाय की. बाकीच्या पोरींत तीबी न्हाई."

त्यांच्यापुढं माझी पदवी संपली. मी सोमनाथभाऊजींकडं गेले. ते गोठ्याच्या दारात मोबाइलवर क्रिकेट बघत होते.

"भाऊजी, तुम्ही तरी नाही म्हणा."

"मी म्हणालो होतो वहिनी. एकदा." त्यांनी मोबाइल उलटा ठेवला. "पण खरं सांगू? मला काही होत नाही. ताप नाही, खोकला नाही. दिवसभर भट्टीपुढं बसतो. कधी कधी वाटतं रिपोर्टच चुकलाय."

"मग पल्लवीला सांगा. तिला ठरवू दे."

"सांगितल्यावर ती हो म्हणेल?"

"नाही म्हणू शकते."

"मग?" ते म्हणाले. त्या 'मग'मध्ये चीड नव्हती. सव्वीस वर्षांच्या माणसाचा साधा प्रश्न होता.

मी मुजावर मॅडमना फोन लावला. विहिरीकडच्या वाटेवर उभी राहून, अन्वीला कमरेवर घेऊन, सगळं सांगितलं. त्या मध्येच थांबवतील, मी सांगितलं होतं म्हणतील, असं वाटलं. त्यांनी तसं काही म्हटलं नाही.

"लग्न करू नये असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं अशी लग्नं झालीत. सांगून, दोघांच्या संमतीनं, औषधं घेऊन. सुखानं नांदतात. पण न सांगता नको. कुणाच्याही बहिणीशी नको." मग म्हणाल्या, "आणि पुण्याच्या तपासणीचं कळलंय. मी तुम्हाला बोलावणारच होते. दार आहे, वृषाली."

"म्हणजे?"

"तुमच्या पेशीला सगळ्यांसारखंच दार आहे."

"मग मला का नाही झालं?"

"त्यांनाही माहीत नाही. ते आणखी बघतायत."

मी अन्वीला खाली ठेवलं आणि परत उचललं. कितीतरी दिवस मी त्या नसलेल्या दाराच्या आड झोपत होते. आता एकदम उघड्यावर आल्यासारखं झालं.

घरी मी सगळ्यांसमोर सांगितलं. धनाजी खाली बघत राहिला. मामांनी विचारलं, "दार हाय म्हणतात?"

"होय."

"पण तुला झालं न्हाई ना?"

"नाही."

"मग त्यांचं यंत्र चुकत असंल. तुझं रक्त चुकत न्हाई." आणि आत्यांना म्हणाले, "रविवारी सुपारी. जीप सांगितलीया."

त्या रात्री धनाजीला मी एवढंच विचारलं, "मी आप्पांना सांगितलं तर?" तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "तू शपथ घेतलीयस." मग म्हणाला, "पल्लवी मला दाजी म्हणून हाक मारते. मला काही सुचत नाही वृषाली." त्यानं हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. रविवारी अंग दुखतंय म्हणून तो जीपमध्ये बसला नाही.

माहेरी अंगणात सतरंजी घातली होती. चुलते, भावकीतले चार जण, मधे पाटावर नारळ, सुपारी, हळदकुंकू. सुपारी फुटली की शब्द झाला. मग मोडलं तर मुलीचं मोडतं. स्वयंपाकघरात पल्लवी माझी वाटच बघत होती. हिरवी साडी, कानाशी मोगरा. तिनं आधी अन्वीला घेतलं आणि मग मला हात दाखवला. हातात आईनं केलेली पाटली होती.

"बघ, माझी अजून कशी गोल आहे. तुझी दोन महिन्यांत वाकली होती."

"दोन्ही एकाच दिवशी केल्या होत्या, एकाच सोनाराकडं," आई कांदा चिरता चिरता म्हणाली. "एकीत काय घातलं मेल्यानं कुणास ठाऊक. वृषालीच्या नशिबी वाकडी आली."

पल्लवी अन्वीच्या गालाचा मुका घेत होती. बाहेरून मामांचा आवाज आला, "चला, मुहूर्त टळायला नको." मी अन्वीला तिच्याकडून काढून घेतलं.

आप्पा परसात पाय धूत होते. एसटीत कंडक्टर होते ते. गर्दीत कुठं कोण बिनतिकिटाचं आहे हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. माझ्याकडं बघून त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"बोल."

मी अन्वीला छातीशी इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. तिच्या रडण्यात मी सगळं सांगितलं. धनाजीचं. भाऊजींचं. दाराचं. किती वाक्यं झाली ते आठवत नाही; तिच्या टाळूवर माझी हनुवटी होती हे आठवतं.

आप्पांनी विचारलं, "तुला?"

"नाही."

"हिला?"

"नाही. तपासलंय. परत परत तपासलंय."

त्यांनी तोंडावर पाणी मारलं. टॉवेलनं पुसलं. अंगणात गेले आणि सतरंजीच्या कडेला उभे राहूनच म्हणाले, "पाहुणं, पोरगी पुढं शिकायची म्हणतीया. मला आत्ता कळलं. यंदा राहू द्या. चहा घ्या."

चुलते आप्पांकडं बघत होते, मामा माझ्याकडं. सोमनाथभाऊजी पहिल्यांदा मान वर करून दाराकडं बघत होते, आणि मला वाटलं, त्यांच्या तोंडावर सुटल्याचा भाव आला. कदाचित मला तसं वाटायला हवं होतं. पाटावरची सुपारी आईनं उचलली आणि पदरात बांधली. आत पल्लवी म्हणत होती, "मी कुठं म्हणाले शिकायचंय? आप्पा, मी कधी म्हणाले?" पुढं कितीतरी महिने ती माझ्याशी धड बोलली नाही. मग आप्पांनी तिला सांगितलं असावं. एका दिवाळीला ती येऊन नुसती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. आज ती तासगावला शिक्षिका आहे. ते असो.

निघताना आप्पा जीपपाशी आले. "राहतीस का इथं?" हळू आवाजात त्यांनी विचारलं.

"धनाजीला गोळी मी देते, आप्पा. मी नसले तर तो घेत नाही."

त्यांनी अन्वीच्या मुठीत खडीसाखर दिली आणि मागं सरले.

परतीच्या वाटेवर आत्या आणि भाऊजी मागं बसले होते, मी अन्वीला घेऊन मामांच्या शेजारी. घाट उतरल्यावर ते बोलले.

"काय सांगितलंस बापाला?"

"सगळं."

"घराची अब्रू काढलीस."

"मामा, एक विचारू? एकाच बाईनं, एकाच दिवशी, एकाच सोनाराकडं केलेल्या दोन पाटल्या तुमच्याकडं आल्या. तुम्ही एकीचा टंच काढून दुसरी तशीच घेता का?"

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं.

"घेता का?"

"न्हाई," ते म्हणाले. "प्रत्येक नग निराळा लावायचा."

"आईबाप म्हणजे सोनार, मामा. लगड नव्हे. मी निराळा नग, पल्लवी निराळा. तिचा टंच कुणी काढलेला नाही. आणि काढायचा तर एकच मार्ग तुम्ही धरला होता. तिलाच भट्टीत घालायचं."

जीपच्या आवाजात त्यांचं हुंकारणं मला ऐकू आलं नाही, पण मान हललेली दिसली. आयुष्यभर त्या धंद्यात घालवलेला माणूस होता. त्याला त्याच्याच भाषेतलं नाकारता येईना. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले,

"व्हय. खरं हाय तुझं. भन असून काय फरक पडत न्हाई. मग कुठलीबी पोरगी सारखीच की."

मला वाटलं, ते हरले. मला वाटलं, पटलं त्यांना. मी डोकं मागं टेकलं, आणि त्या वर्षात पहिल्यांदा अन्वीची मान न चाचपता झोपून गेले. जागी झाले ते घर आल्यावर. अन्वीचं अंग तापलं होतं. रात्रभर मी तिच्या कपाळावर ओली घडी ठेवत बसले आणि शपथ, शपथ म्हणून स्वतःलाच ओरबाडत राहिले. सकाळी वरच्या हिरडीत दाताचं टोक दिसलं.

भाऊबीजेला मी माहेरी गेले. परतले तेव्हा खुंटीवर मुंडावळ्या लटकत होत्या.

"सोमाचं उरकलं," आत्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना. "देवळातच केलं. जतच्या पलीकडची हाय. आईबाप न्हाईत, चुलत्यानं वाढवलेली. लगीच घेऊन गेला तिला."

"कुठं?"

"सेलमला न्हाई. तिकडं आंध्रात कुठं तरी नवं दुकान बघितलंय म्हणं."

त्यांनी फोनवरचा फोटो दाखवला. हळद लागलेली सडपातळ मुलगी, हनुवटीवर गोंदणाचा ठिपका, तोंड उघडून हसणारी. समोरच्या दोन दातांत फट. नाव वनिता. जीपमधलं ते वाक्य मला त्या वेळी कळलं. बहीण असून फरक पडत नाही. मग कुठलीही सारखीच. मी मामांच्या हातातली एक मुलगी काढून घेतली होती, आणि त्यांना बाकीच्या सगळ्या मोकळ्या करून दिल्या होत्या.

मी भाऊजींच्या फोनवर लावत राहिले. एकदा तो तिनं उचलला.

"ताई का? तुम्हीच का ताई? ह्यांनी सांगितलंय तुमचं." आवाज लहान पोरीसारखा. "तुम्ही कवा येणार? हितली भाषा काय कळंना मला. भात खाऊन खाऊन कटाळा आला. ज्वारी मिळत न्हाई हो हितं."

"वनिता, भाऊजी गोळ्या घेतात का?"

"कसल्या गोळ्या?"

"वनिता, नीट ऐक. तू दवाखान्यात जा आणि तुझं रक्त..."

मागून भाऊजींचा आवाज आला, "कोण आहे?" ती म्हणाली, "ताई हाईत." आणि फोन बंद झाला. मी लावत राहिले. पुढं तो नंबर कुणा तेलुगू बोलणाऱ्या माणसाकडं गेला.

धनाजीनं एकदा आंध्रात जाऊन शोधलं. दुकान तिथनं हललं होतं. कुणी ओडिशाकडं म्हणालं, कुणी परत खाली. मामा दोन वर्षांमागं गेले. शेवटच्या आजारात मी त्यांना विचारलं, सोमनाथभाऊजी कुठं आहेत. त्यांनी मान फिरवली. त्यांनाही माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, मला कळलं नाही. मुजावर मॅडम तिकडच्या दवाखान्यांत विचारून बघतात. मी अजूनही निगेटिव्ह आहे. का, ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही. अन्वी तिसरीत गेली.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या शहरात सराफांची गल्ली असेल. तिच्या मागच्या बाजूला धूर सुटलेलं एखादं गलाईचं दुकान असेल, आणि तिथला माणूस मराठी बोलत असेल. त्याला नाव विचारू नका, तो दुसरंच सांगेल. माडीवर बाईमाणूस आहे का बघा. हनुवटीवर गोंदण, समोरच्या दातांत फट. तिला ज्वारीचं पीठ हवंय का विचारा, म्हणजे ती खाली येईल. मग तिला बाजूला घ्या आणि सांगा, वृषालीताईनं पाठवलंय. रक्त तपासलं का विचारा. सरकारी दवाखान्यात फुकट होतं. निघालं तरी घाबरू नको म्हणावं, गोळ्या आहेत, माझा नवरा घेतो, आज शेतात काम करतो. आणि निगेटिव्ह निघालं, तर तेवढंच सांगून निघून येऊ नका. परत तपास म्हणावं.

तिच्या कमरेवर लेकरू असेल, तर त्याला जरा तुमच्याकडं घ्या. आणि ती बोलत असताना हळूच त्याची मान चाचपून बघा.